वाचकांचे प्रश्न : दोन टोनांनी सेट जागा कसा होतो?

वायरलेस सेटवरील पेजिंगबद्दल, म्हणजे ठरलेल्या टोनांनी (सुरांनी) हव्या त्या सेटलाच हाक देण्याबद्दल, या वेळी इतकी पत्रे आली की सदराची सगळी जागा त्याच विषयाला द्यावी लागली. पत्रे मुख्यतः स्वयंसेवी बचाव पथकांतील कार्यकर्ते, अग्निशमन केंद्रांतील ऑपरेटर आणि हौशी रेडिओचालक यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या पथकाचे सगळे सेट एकाच चॅनेलवर असतात आणि दिवसभर इतरांचे बोलणे कानावर पडत राहते. काही पथकांचे सेट मात्र एरवी गप्प असतात आणि त्यांना बोलावले की मगच वाजतात. ही सोय नेमकी कशी चालते?

उत्तर : आपण वर्णन केलेली सोय बहुधा दोन टोनांच्या क्रमिक पेजिंगची आहे. मोटोरोलाने तिला ‘क्विक कॉल २’ असे नाव दिले होते आणि आज इतर कंपन्यांच्या सेटांमध्येही तीच पद्धत ‘टू-टोन’ या नावाने मिळते. अशा सेटचा रिसीव्हर सतत चालू असतो आणि चॅनेलवरचे सगळे काही त्याला ऐकू येत असते. फक्त स्पीकर बंद ठेवलेला असतो. रिसीव्हरला मिळालेला आवाज आतल्या डिकोडरकडे जातो आणि डिकोडर त्यात दोनच गोष्टी शोधत असतो : ठरलेल्या वारंवारतेचा पहिला टोन आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेल्या वारंवारतेचा दुसरा टोन.

समजा, आपल्या सेटला ३४९.० हर्ट्झ आणि ६००.९ हर्ट्झ अशी जोडी नेमून दिलेली आहे. नियंत्रण कक्षातील ऑपरेटर आपल्या नावाचे बटण दाबतो तेव्हा ट्रान्समीटर चालू होतो, ३४९.० हर्ट्झचा टोन एक सेकंद जातो आणि लगेच ६००.९ हर्ट्झचा टोन तीन सेकंद जातो. पहिला टोन ओळखू आला की डिकोडर सावध होतो, पण स्पीकर अजून बंदच असतो. त्या क्षणापासून एक छोटी मुदत सुरू होते. तिच्या आत दुसरा टोन मिळाला आणि पुरेसा वेळ टिकला, तर सेट बीप देतो, दिवा लुकलुकवतो, काही सेटांत थरथरतो आणि स्पीकर उघडतो. मुदत उलटून गेली तर डिकोडर सगळे विसरतो आणि पुन्हा पहिल्या टोनाची वाट पाहू लागतो. पेजनंतर ऑपरेटर जे बोलतो ते आपल्याला ऐकू येते, आणि आपण रिसेटचे बटण दाबले किंवा आपोआप रिसेटची वेळ भरली की सेट पुन्हा गप्प होतो.

येथे क्रमालाही अर्थ आहे. ६००.९ आधी आणि ३४९.० नंतर आला, तर तो दुसऱ्याच कोणाचा क्रमांक असू शकतो. हे दोन्ही टोन साध्या कानाला ऐकू येणारे असतात, कारण वायरलेस सेट बोलण्यासाठी साधारण ३०० ते ३००० हर्ट्झचा पट्टाच पुढे पाठवतो आणि पेजिंगचे टोन त्याच पट्ट्यात बसवलेले असतात. म्हणूनच जुन्या, साध्या रिपीटरवरूनही (आलेला सिग्नल घेऊन तो पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्रावरूनही) ही पद्धत कोणताही बदल न करता चालते. रिपीटरच्या दृष्टीने ते केवळ कोणीतरी काढलेले दोन सूर असतात.

प्रश्न : चार सेकंद म्हणजे फार वेळ झाला. आजच्या प्रोसेसरला सेकंदाच्या दहाव्या भागात टोन ओळखता येणार नाही का? इतके लांब टोन ही केवळ जुनी सवय आहे का?

उत्तर : काही अंशी सवय आहे, पण तेवढीच नाही. ही पद्धत आली तेव्हा टोन ओळखण्याचे काम धातूच्या बारीक कंपनशील पात्या करीत असत. प्रत्येक पाती एकाच वारंवारतेला जुळवलेली असे. सतारीच्या तरफा जशा आपल्या सुराला आपोआप झणकारतात, तशीच ती आपला टोन आला की कंप पावू लागे. मात्र ते कंपन भरात यायला वेळ लागे. जितकी पाती निवडक, तितकी ती सुस्त. निवडकपणा आणि चपळाई दोन्ही एकाच पातीत मिळत नाहीत, आणि पात्या जाऊन प्रोसेसर आले तरी हा नियम बदललेला नाही, कारण तो गणिताचा नियम आहे.

दोन वारंवारतांमध्ये १० हर्ट्झचे अंतर असेल, तर त्या एकमेकींपासून खात्रीने वेगळ्या ओळखण्यासाठी ढोबळमानाने एक दशांश सेकंद ऐकावे लागते. अंतर १ हर्ट्झ असेल तर एक सेकंद. क्विक कॉलच्या टोनांची यादी पाहिली तर याचे महत्त्व कळते. पहिल्या गटातील टोन ३४९.०, ३६८.५, ३८९.०, ४१०.८ असे सुमारे साडेपाच टक्क्यांच्या पायरीने चढतात. चौथ्या गटातील ३३९.६, ३५८.६, ३७८.६ हे टोन त्यांच्या बरोबर मधोमध बसवलेले आहेत. म्हणजे दोन्ही गट एकाच चॅनेलवर वापरले, तर ३४९.० चा सर्वात जवळचा शेजारी केवळ साडेनऊ हर्ट्झवर असतो. त्याला चुकवण्यासाठी किमान दशांश सेकंद स्वच्छ ऐकायला हवे, आणि प्रत्यक्षात सिग्नल मधेच खोल जातो, खरखर येते, सेट हातात हलत असतो. म्हणून त्याच्या कितीतरी पट वेळ राखून ठेवलेला आहे.

युरोपात रुळलेली पाच टोनांची पद्धत याच्या नेमकी उलट बाजूने विचार करते. तिच्या झेडव्हीईआय प्रकारात प्रत्येक टोन ७० मिलिसेकंदांचा, तर सीसीआयआर प्रकारात १०० मिलिसेकंदांचा असतो आणि पाच टोन मिळून अर्ध्या सेकंदात काम संपते. पण तिथे टोन बरेच दूरदूर, उदाहरणार्थ झेडव्हीईआयमध्ये १०६०, ११६०, १२७०, १४०० असे शंभर किंवा त्याहून जास्त हर्ट्झच्या अंतरावर ठेवलेले आहेत, म्हणून घाई परवडते. त्या घाईची किंमतही आहे. सिग्नल दशांश सेकंद जरी गेला तरी पाचांपैकी एक टोन हरवतो आणि पेज वाया जातो. दोन टोनांच्या पद्धतीत तेवढा खंड पडला तरी बहुतेक वेळा निभावते. डोंगराच्या आडोशाला किंवा तळघरात असलेल्या माणसाला बोलवायचे असेल तर मी स्वतः हळू पद्धतच निवडेन.

प्रश्न : एका चॅनेलवर किती जणांना स्वतंत्र क्रमांक देता येतात? सगळ्यांना एकदम बोलवायचे असेल तर?

उत्तर : दहा टोन असतील आणि दोन्ही टोन वेगळेच घ्यायचे असतील, तर १० गुणिले ९ म्हणजे ९० जोड्या होतात, वीस टोनांना ३८०. कागदावर ही संख्या पुष्कळ वाटते, पण सगळ्या जोड्या वाटून टाकणे शहाणपणाचे नाही. कारण असे : ऑपरेटरने एकामागून एक दोन पेज पाठवले, तर पहिल्या पेजचा दुसरा टोन आणि दुसऱ्या पेजचा पहिला टोन हेही एकापाठोपाठ येतात आणि ती जोडी तिसऱ्याच कोणाची असली, तर तो विनाकारण जागा होतो. यावर सोपा उपाय म्हणजे पहिला टोन नेहमी एका गटातून आणि दुसरा नेहमी दुसऱ्या गटातून घ्यावा. दहा आणि दहा असे गट केले तर १०० जोड्या मिळतात, आणि उलट क्रमाची जोडी कोणाचीच नसल्यामुळे ही भानगड उद्भवत नाही.

सर्वांना एकदम बोलवण्यासाठी एकच टोन सुमारे आठ सेकंद पाठवतात. तो इतका लांब ठेवण्याचे कारण उघड आहे : नेहमीच्या पेजमध्ये दुसरा टोन तीन सेकंद असतोच, तेव्हा गटाच्या हाकेसाठी बसवलेला डिकोडर त्याहून बराच जास्त वेळ टोन टिकल्याशिवाय हलता कामा नये. गटाची हाक असली की निदान वेळ तरी वाचतो. दहा जणांना एकेक करून पेज करायचे तर केवळ टोनांतच चाळीस सेकंद जातात, आणि तोवर चॅनेलवर दुसरे कोणी बोलू शकत नाही.

प्रश्न : नियंत्रण कक्षाजवळ थेट चॅनेलवर चाचणी घेतली की पेज दर वेळी मिळतो. रिपीटरवरून मात्र कधी मिळतो, कधी नाही. सेट दुरुस्तीला देऊन झाला; त्यात दोष निघाला नाही. काय पाहावे?

उत्तर : सेट निर्दोष असेल यावर माझा विश्वास आहे. दोन टोनांच्या पेजिंगमध्ये वारंवारतेइतकेच महत्त्व वेळेला आहे, आणि आपल्या वर्णनावरून पहिल्या टोनाची सुरुवात कापली जात आहे असे दिसते.

रिपीटरवरून जाताना काय घडते ते क्रमाने पाहू. नियंत्रण कक्षाचा ट्रान्समीटर चालू होऊन पूर्ण शक्तीवर यायला थोडा वेळ लागतो. रिपीटरचा रिसीव्हर सीटीसीएसएस टोन, म्हणजे सिग्नल आपल्याच सेटचा आहे हे ओळखण्यासाठी बोलण्याखाली सतत सोडलेला, कानाला ऐकू न येणारा टोन, तपासत असेल, तर त्यात साधारण पाव सेकंद जातो. हा टोन जितका खालचा तितका वेळ जास्त. मग रिपीटरचा ट्रान्समीटर उठतो. आपल्या सेटवरही सीटीसीएसएस लावलेला असेल तर तो पुन्हा आपला वेळ घेतो. रिपीटर अनेक असतील आणि त्यांतला सर्वात चांगला सिग्नल निवडणारी यंत्रणा मध्ये असेल तर आणखी थोडा. हे सगळे एकावर एक चढले की अर्धा सेकंद सहज जातो. पेजिंगचा एन्कोडर मात्र बटण दाबताच टोन सोडायला लागलेला असतो. एका सेकंदाच्या पहिल्या टोनापैकी अर्धाच आपल्या डिकोडरपर्यंत पोहोचतो. कोणत्या सेटला तेवढा अर्धा पुरतो आणि कोणत्याला नाही हे सेटवर आणि त्या क्षणीच्या सिग्नलवर अवलंबून असते. म्हणून पेज कधी मिळतो, कधी नाही. दुसरा टोन तीन सेकंदांचा असल्यामुळे त्याला या कापाकापीचे काही वाटत नाही.

उपाय नियंत्रण कक्षात आहे. एन्कोडरमध्ये ट्रान्समीटर चालू होणे आणि पहिला टोन सुरू होणे यांच्यामध्ये विलंब ठेवण्याची सोय बहुधा असते. तो एक सेकंदापर्यंत वाढवून पाहावा. ती सोय नसेल तर पहिल्या टोनाची लांबी वाढवता येते का ते पाहावे, पण आधी विलंबच वापरावा. कारण काही डिकोडर पहिल्या टोनाच्या कमाल लांबीवरही नजर ठेवतात.

निदान पक्के करायचे असेल तर दुसऱ्या एखाद्या सेटवर रिपीटरचे बोलणे ऐकत ते तारेने संगणकात ध्वनिमुद्रित करावे आणि लहरीचे चित्र उघडून पहिल्या टोनाची लांबी मोजावी. एक सेकंदाऐवजी सहा दशांश सेकंद दिसले, की दोष कोठे आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

आणखी एक कारण नेहमी नजरेतून सुटते. आपला सेट स्कॅनवर असेल, म्हणजे अनेक चॅनेल आळीपाळीने तपासत असेल, तर पहिला टोन जात असताना तो नेमका दुसऱ्या चॅनेलवर अडकलेला असू शकतो. दुसऱ्या चॅनेलवर कोणी लांबण लावली असेल तर पेज सरळ चुकतो. ज्या सेटवर पेज मिळणे महत्त्वाचे आहे तो स्कॅनवर ठेवू नये. केवळ याच कारणासाठी, बोलायच्या हँडसेटसोबत फक्त पेज घेणारा वेगळा रिसीव्हर जवळ बाळगणारी अनेक अग्निशमन दले आहेत.

प्रश्न : टोन नीट पोहोचावेत म्हणून आम्ही एन्कोडरची पातळी वाढवली, तर उलट जास्त पेज चुकू लागले. असे कसे?

उत्तर : एफएम ट्रान्समीटरमध्ये आवाज जितका मोठा तितकी वाहक लहर दोन्ही बाजूंना जास्त झुकते, आणि या झुकण्याला मर्यादा घातलेली असते : २५ किलोहर्ट्झच्या चॅनेलवर साधारण ५ किलोहर्ट्झ, तर १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनेलवर २.५ किलोहर्ट्झ. मर्यादेपलीकडे पातळी नेली की ट्रान्समीटरमधील मर्यादक लहरीची टोके छाटतो. गुळगुळीत लहर चौकोनी होऊ लागते आणि तिच्यात तिपटीच्या, पाचपटीच्या वारंवारता शिरतात. ३४९.० हर्ट्झच्या टोनासोबत १०४७ हर्ट्झचाही टोन जाऊ लागतो. डिकोडर एकूण आवाजाच्या तुलनेत आपला टोन किती स्वच्छ आहे हे पाहत असेल तर तो अशा टोनाला नकार देतो. अमेरिकेत १ जानेवारी २०१३ पर्यंत पोलीस, अग्निशमन आणि उद्योगांच्या व्हीएचएफ आणि यूएचएफ पट्ट्यांतील चॅनेल अरुंद करणे बंधनकारक होते. अशा बदलात रेडिओ नवा बसवला आणि एन्कोडरची पातळी जुनीच ठेवली, तर नेमकी हीच छाटाछाट सुरू होते.

दुसरी गोष्ट जास्त छुपी आहे. एफएम सेट बोलण्यातील उंच स्वर पाठवण्याआधी उचलून धरतात आणि रिसीव्हर ते तेवढेच खाली आणतो. वारंवारता दुप्पट झाली की हा फरक ६ डेसिबलचा होतो. एन्कोडर माइकच्या जागी जोडलेला असेल तर दोन्ही क्रिया एकमेकींना रद्द करतात. पण तो रेडिओच्या मागील बाजूच्या थेट इनपुटला जोडला असेल तर उचलून धरण्याची क्रिया होतच नाही, खाली आणण्याची मात्र होते. अशा जोडणीत ३४९.० आणि ९७९.९ अशी जोडी वापरली, तर दुसरा टोन पहिल्यापेक्षा सुमारे ९ डेसिबल क्षीण पोहोचतो. पातळीचे बटण फिरवून हे सुधारत नाही, कारण दोन्ही टोन एकत्रच वरखाली होतात. जोडणीची जागा बदलावी किंवा एकमेकांजवळचे टोन निवडावेत.

प्रश्न : कोणी पेज केलेला नसताना सेट वाजतो. आसपासच्या आवाजामुळे असे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, पण एकाच टोनाच्या पद्धतीपेक्षा खूपच क्वचित. बोलण्यात एकच वारंवारता सेकंदभर स्थिर राहत नाही. शिट्टी, भोंगा, वाद्य किंवा यंत्राची घरघर मात्र राहू शकते. वीजपुरवठ्याच्या ५० हर्ट्झची सातवी पट ३५० हर्ट्झ, बारावी पट ६०० हर्ट्झ आहे, म्हणजे वर उदाहरणादाखल घेतलेली जोडी या गुंजारवाला अगदी चिकटून बसते. ६० हर्ट्झच्या पुरवठ्यातही दहावी पट ६०० च आहे. सदोष चार्जरची घरघर ट्रान्समीटरमध्ये शिरत असेल तर पहिला टोन मिळाल्याचा भास डिकोडरला होऊ शकतो. तरी दुसरा टोन ठरलेल्या मुदतीत आणि पुरेसा वेळ मिळाल्याशिवाय सेट वाजत नाही. ही पद्धत टिकून राहिली ती याच दुहेरी कुलपामुळे.

आपल्याकडे वारंवार असे होत असेल, तर आधी वर क्रमांकांबद्दलच्या उत्तरात सांगितलेली आगंतुक जोडी तयार होते का ते तपासावे, म्हणजे सेट वाजला तेव्हा इतर दोघांना लागोपाठ पेज गेला होता का हे ऑपरेटरला विचारावे. माझ्या मते नव्वद टक्के शंका तिथेच मिटण्यासारख्या असतात. त्यानंतर दोन टोनांसोबत सीटीसीएसएस जुळणेही सक्तीचे करावे, म्हणजे त्याच वारंवारतेवरील दूरच्या परक्या वापरकर्त्यांचे टोन आपल्या डिकोडरपर्यंत पोहोचणार नाहीत.

प्रश्न : थंडीत किंवा बॅटरी उतरल्यावर सेटची वारंवारता सरकते असे म्हणतात. मग पेजचे टोनही बदलतात का?

उत्तर : एफएममध्ये नाही. वाहक लहर थोडी सरकली तरी टोन हा तिच्या झुकण्याचा वेग असतो आणि तो वेग तसाच राहतो. एसएसबीवर (वाहक लहर न पाठवता आवाजाची एकच बाजू पाठवणाऱ्या पद्धतीवर) मात्र जितके हर्ट्झ सेट सरकला तितकेच हर्ट्झ टोनही सरकतो.

प्रश्न : आमच्या जुन्या पेजरांच्या जोड्यांत कोणते टोन आहेत याची नोंद हरवली आहे. ध्वनिमुद्रणावरून ते काढता येतील का? मोबाइलवर मुद्रण चालेल का?

उत्तर : काढता येतात, पण मोबाइलवर मुद्रण टाळावे. मोबाइलमधील गोंगाट कमी करणारी प्रक्रिया स्थिर टोनालाच गोंगाट समजते आणि तो पुसून टाकते. काही वायरलेस सेटचे माइकही असेच करतात, म्हणून स्पीकरवर टोन वाजवून माइक समोर धरण्याची युक्ती अनेकदा फसते. सेटच्या इअरफोनच्या छिद्रातून तार काढून संगणकात साधे असंपीडित मुद्रण करावे.

नंतर ऑडॅसिटीसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये फक्त एका टोनाचा मधला भाग निवडून त्याचे वारंवारता-विश्लेषण करावे. येथे खिडकीचा, म्हणजे एका वेळी तपासल्या जाणाऱ्या तुकड्याचा, आकार महत्त्वाचा आहे. सेकंदाला ४४१०० नमुन्यांच्या मुद्रणात ४०९६ नमुन्यांची खिडकी घेतली, तर विश्लेषणाच्या पायऱ्या १०.८ हर्ट्झच्या पडतात आणि ३३९.६ की ३४९.० याचा निकाल लागत नाही. ३२७६८ नमुन्यांची खिडकी पाऊण सेकंदाची असते, पहिल्या टोनात जेमतेम मावते आणि पायरी १.३५ हर्ट्झवर येते. मिळालेला आकडा थेट सेटमध्ये न भरता प्रमाणित यादीतील सर्वात जवळचा टोन घ्यावा; मापनात ३४८.६ आले तर तो ३४९.० समजावा.

स्वतः डिकोडर लिहू पाहणाऱ्यांसाठी एक सूचना : संपूर्ण वर्णपट काढण्याची गरज नाही. जेराल्ड गोर्ट्झेल यांनी १९५८ मध्ये मांडलेली पद्धत हव्या त्या एकाच वारंवारतेची शक्ती काढते आणि छोट्या प्रोसेसरलाही ती सहज झेपते. मात्र शक्तीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. त्या टोनाची शक्ती आणि एकूण आवाजाची शक्ती यांच्या गुणोत्तरावर घ्यावा, नाहीतर कोणी मोठ्याने बोलले की डिकोडर वाजेल.

प्रश्न : आमचे पथक डिजिटल सेट घेणार आहे. सध्याचे दोन टोनांचे पेज त्यावर चालतील का?

उत्तर : गृहीत धरू नका. डिजिटल सेट आवाज जसाच्या तसा पाठवत नाहीत. माणसाच्या बोलण्याचे वर्णन करण्यासाठी बनवलेले व्होकोडर तो काही मोजक्या आकड्यांत बसवून पाठवतात आणि पलीकडे त्यावरून आवाज पुन्हा घडवला जातो. शुद्ध, स्थिर टोन हे बोलणे नव्हे. तो पलीकडे कधी थरथरता, कधी किंचित सरकलेला, कधी तुटक निघतो आणि डिकोडरच्या एक-दोन टक्क्यांच्या सहनशीलतेत बसत नाही. डिजिटल पद्धतींना त्यांची स्वतःची हाक देण्याची सोय असते; ती वापरावी. जुने पेजर कायम ठेवायचे असतील तर त्यांच्यासाठी एक ॲनालॉग चॅनेल राखावा. अनेक दले बोलण्यासाठी डिजिटलवर गेल्यानंतरही पेजिंगपुरता ॲनालॉग चॅनेल चालू ठेवतात, आणि त्यात मागासलेपण काही नाही.

प्रश्न : याच टोनांनी भोंगा किंवा फाटक चालू करता येईल का? आणि पेज पोहोचला हे नियंत्रण कक्षाला कसे कळते?

उत्तर : चालू करता येतो, आणि धोक्याच्या सूचनेचे भोंगे रेडिओवरील टोनांनी वाजवण्याची पद्धत जुनी आहे. पण टोनांमध्ये गुपित काहीच नसते. ज्याच्याजवळ स्कॅनर आहे तो ते ऐकू शकतो, मुद्रित करू शकतो आणि तसेच्या तसे पुन्हा पाठवू शकतो. ७ एप्रिल २०१७ च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहराचे १५६ भोंगे कोणीतरी बाहेरून वाजवले. हे संगणकाच्या जाळ्यातून नव्हे, तर रेडिओ सिग्नलने घडले, असे शहराच्या अधिकाऱ्यांनी सांगितले होते. भोंगा अकारण वाजला तर लोक घाबरतात, आणि पुढच्या वेळी खऱ्या भोंग्याकडे दुर्लक्ष करतात. फाटकाचा विचार तर सोडूनच द्यावा.

पेज पोहोचल्याची पावती या पद्धतीत मुळातच नाही. काही सेटांमध्ये जोडी जुळली की आपोआप छोटे उत्तर पाठवण्याची सोय असते, पण त्यावरून सेटने हाक ऐकली एवढेच कळते. माणसाने ऐकली का, हे कळत नाही. शिवाय गटाच्या हाकेला दहा सेट एकदम उत्तर देऊ लागले तर एकही उत्तर नीट पोहोचत नाही. म्हणून गटासाठी हे आपोआप उत्तर बंद ठेवावे, प्रत्येकाने तोंडी आपला क्रमांक सांगून पोहोच द्यावी आणि ज्याची पोहोच ठरलेल्या वेळेत आली नाही त्याला ऑपरेटरने स्वतंत्र पेज करावा.